चारुताचं डोकं

११ डिसेंबर, गुरुवार

सगळ्यांना एकच कौतुक – रक्त आलं नाही! शाळेत तेच, दवाखान्यात तेच, जिन्यात शेजारीण भेटली तर तिचंही तेच. टाका नाही, खोक नाही, म्हणजे पोरगी वाचली. काल संध्याकाळपर्यंत मीही तेच म्हणत होते.

काल खो-खोच्या सरावात चारुता खांबावर आपटली. खांबाला हात घालून वळताना हात निसटला आणि डोक्याची उजवी बाजू सरळ खांबावर. उठली, धूळ झटकली, "ठीक आहे सर" म्हणाली. मग विश्वजीत सरांना विचारलं, "सर, आपण धावतोय की बसलोय?" त्यांनी सांगितलं. थोड्या वेळाने परत तेच. मग परत. तेव्हा सरांनी मला ऑफिसात फोन केला.

स्कॅन साफ आहे. डॉक्टर म्हणतात कन्कशन – मेंदू आतल्या आत हादरलाय. फोटोत दिसत नाही, म्हणून झालं नाही असं नसतं. मोबाइल नाही, टीव्ही नाही, शाळा नाही, घरात गडबड नाही. आणि पूर्ण बरी होईपर्यंत डोक्याला दुसरा धक्का बसता कामा नये. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा चष्मा काढून. तिच्या बाबाचा, वैजनाथचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

गडबड नाही म्हणे! तीन पोरं आणि उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्या. पण करायचं म्हणजे करायचं. मी रजा टाकली आहे.

१२ डिसेंबर

केयूर दिवसभर धुमसतोय. "पट्टी कुठाय तिला? सूज पण नाय. नाटक करतीये." दहा वर्षांच्या माणसाला एवढंच दिसतं – ताईला शाळा नाही, जेवण अंथरुणात, आणि तिच्यापायी टीव्ही बंद. स्वरदा धाकटी, सहा वर्षांची. ती येऊन चारुताच्या केसांतून टेंगूळ शोधत बसते. सापडलं नाही की माझ्याकडे बघते.

पोळ्यांना येणाऱ्या भामाबाई निराळ्याच काळजीत. "वहिनी, लेकराला झोपू देऊ नका. डोक्याला मार लागल्यावर झोपलं ना, तर..." मी समजावलं, डॉक्टरच झोपू द्या म्हणालेत. त्यांनी मान हलवली. तासाभराने चारुताच्या उशाशी परात आपटली. चारुता किंचाळून उठली. भामाबाई म्हणतात कशा – "काय नाय, बघितलं उठती का."

रागवावं की हसावं? रागावलेच.

१४ डिसेंबर, रविवार

गंगापूरहून माहेरची जीप भरून माणसं आली. शहाळी, बिस्किटं, अंगारा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर तो आयुष्यभर लक्षात ठेवतो, आणि भेटायला गेलं तर तो बरा होत नाही.

प्रत्येकाने तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "मी कोण सांग बरं?" मामा झाला, मामी झाली, मामीची बहीण झाली. पोरीने सगळ्यांची नावं बरोबर सांगितली. प्रत्येक नावाला टाळ्या! त्यानंतर उंटावरून शेळ्या हाकणं सुरू – बदाम द्या, ब्राह्मी द्या, त्या खांबाला नारळ फोडा. तेवढ्यात चारुता उठली आणि मोरीत जाऊन ओकली.

मी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले. "बघून झालं ना? आता चहा गच्चीवर." मामाला राग आला. येऊ दे. ते गेल्यावर वैजनाथ म्हणाला, "अगं, माणसं काय म्हणतील?"

"तुझी लेक ओकतीये तिकडे. माणसांचं नंतर बघू."

तो शहाळी फोडत बसला.

१५ डिसेंबर

आज सुचलं! रात्रीचं विरजण लावत होते. दोघांना जवळ बोलावलं. म्हटलं, हे बघा, दूध कोमट, त्यात विरजण घातलं, आता काय करायचं? स्वरदा म्हणाली, "हलवायचं नाय." झाकण काढून बघायचं? "नाय. बिघडतं." बरोबर. ताईच्या डोक्यात आत्ता तसंच चाललंय. आत सगळं नीट बसतंय. भांडं हलवलं, सारखं उघडून बघितलं, तर बसणार नाही. पट्टी नाही, सूज नाही, पण काम आत चालू आहे.

केयूरने भांड्याकडे बराच वेळ बघितलं. नंतर टीव्हीचा रिमोट स्वतःहून कपाटावर टाकला. मी माझी पाठ मीच थोपटली. वैजनाथला दोनदा सांगितलं, तो दोन्ही वेळा "वा" म्हणाला.

१७ डिसेंबर

जिन्यात दंगा करणाऱ्या पोरांना केयूर दटावताना ऐकला – "ए, आवाज नक्को! आमच्याकडं विरजण लावलंय." पोरं बुचकळ्यात.

थंडीत आपण दह्याचं भांडं शालीत गुंडाळतो ना, म्हणून स्वरदाने आपला मफलर चारुताच्या डोक्याला बांधला. चारुता हसली. हसून डोकं धरलं, पण हसली.

१९ डिसेंबर

आज नळाला पाणी आलं. मोटार लावली नाही, तिच्या आवाजाने चारुता कळवळते. खालून बादल्यांनी चढवलं. केयूरनेही चढवलं, कुरकुर न करता.

२१ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस. चारुताला पुस्तकाचं एक पान वाचायचं होतं. पहिली ओळ वाचली, दुसरीवर गेली, पहिली विसरली. परत पहिली. पुस्तक फेकलं. स्वरदा उचलून द्यायला गेली तर तिच्यावर एवढी ओरडली की पोर भिंतीला चिकटली. "जा इथनं! तोंड दाखवू नको!" माझी चारुता असं बोलत नाही. ती स्वरदाची वेणी घालते रोज.

मी दोघींमध्ये उभी. कुणाला आधी जवळ घेऊ? चारुताला घेतलं. स्वरदा निघून गेली.

संध्याकाळपासून स्वरदा खोलीच्या उंबऱ्यावर बसून आहे. आत जात नाही, तिथून हलतही नाही. जेवलीसुद्धा तिथेच, दोन घास. मला वाटलं, गडबड करणाऱ्यांपासून ताईची राखण करतीये. शहाणी माझी.

२३ डिसेंबर

शहाणी कसली, मीच मूर्ख.

आज चारुताला डॉक्टरांकडे दाखवायला न्यायचं होतं. वैजनाथने शेंद्र्याच्या कारखान्यातली ड्युटी बदलून घेतलेली. चारुताला आधार देऊन दारापर्यंत आणलं तर स्वरदाने तिच्या पायाला मिठी मारली. सुटेना. हाताची बोटं सोडवावी तर दातांनी ताईचा फ्रॉक धरला. आणि ओरडतीये काय – "टाकू नका! ताईला टाकू नका!"

मला काही कळेना. मग हुंदक्यांमधून एकेक बाहेर आलं. दही एका रात्रीत लागतं. ताईचं लागलं नाही. किती सकाळी झाल्या, रोज उठून बघते, लागलं नाही. तिने भामाबाईंना विचारलं होतं, सकाळपर्यंत नाय लागलं तर काय करतात? त्या बापडीला काय माहीत, त्या म्हणाल्या, "मग नासलं ते, बाळा. ओतून द्यायचं." तेव्हापासून पोर उंबऱ्यावर. आवाजापासून नव्हे, आमच्यापासून राखण. आम्ही ताईला ओतून देऊ म्हणून!

मी तिथेच दारात बसले आणि रडले. मग स्वतःलाच म्हटलं, उमा, रडणं पुरे, तूच घातलेलं विरजण आहे हे.

डॉक्टरांकडून आल्यावर केयूर आणि स्वरदाला स्वयंपाकघरात समोर बसवलं. दही-बिही सगळं विसरा म्हटलं. आता खरं सांगते. ताईचा मेंदू हादरलाय. तो बरा होतो. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, डॉक्टरांनी आज परत सांगितलं. वेळ लागतो. ती ओरडते तेव्हा तिला तुमचा राग आलेला नसतो, तिला त्रास होत असतो. आणि कुणी कुणाला टाकत नाही या घरात, बरी झाली तरी आणि नाही झाली तरी.

केयूर म्हणाला, "किती दिवस?"

"माहीत नाही."

"तुला पण नाय माहीत?"

"मला नाही, बाबांना नाही, डॉक्टरांनाही नक्की नाही."

मला वाटलं घाबरेल. उलट खांदे सैल झाले त्याचे. म्हणाला, "म्हणजे नाटक नव्हतं." मी म्हटलं नव्हतं. तो उठून बाहेर गेला, बराच वेळ जिन्यात बसला.

दोघांना एक कामही दिलं. ताईचं डोकं दुखताना दिसलं, उजेडाने डोळे मिटले, मळमळलं, काही विसरली, तर मला सांगायचं. ही चुगली नाही. आमच्या घरात चुगलीला फार वाईट मानतात, मीच तसं वळण लावलंय, म्हणून हे वाक्य मुद्दाम दोनदा म्हटलं. स्वरदाने विचारलं, "ताई चिडली तर?"

"चिडू दे. तरी सांगायचं."

२४ डिसेंबर

स्वरदा दोन पोळ्या जेवली. झोपलीसुद्धा.

३० डिसेंबर

केयूर चारुताला भूगोल वाचून दाखवतो, हळू आवाजात. "पर्जन्यछाया" तीन प्रकारे वाचलं. ती डोळे मिटून ऐकते आणि चुका काढते. म्हणजे ऐकल्यापैकी राहतंय डोक्यात! ओकारी नाही. जिना चढली तरी चक्कर नाही. स्वरदाची वेणी घालून दिली, वाकडी का होईना.

७ जानेवारी, बुधवार

अर्धा दिवस शाळा सुरू. विश्वजीत सरांचा फोन – अठराला विभागाची निवड चाचणी. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. सर सज्जन आहेत. "ताई, माझा आग्रह नाही. डॉक्टर हो म्हणाले तरच."

चारुताने ऐकलं. गेली दोन वर्षं पहाटे उठून पळते ती या चाचणीसाठी, खरं आहे. मला म्हणाली, "डोकं खांबानं फोडलं, बाकीचं तू फोडतीयेस." आणि तोंड फिरवलं.

लागलं मला. पण नाही म्हणजे नाही. दुसरा धक्का नाही.

१० जानेवारी

बोलत नाही. ताट ठेवलं की "ठेव". एवढंच.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ दिला, तरी गोड बोलली नाही. पण दुपारी गच्चीवर केयूरचा मांजा धरून तासभर उभी होती, लख्ख उन्हात! मी खालून बघत राहिले. मग स्वतःच आली आणि म्हणाली, "आई, खरंच काही होत नाही आता. डॉक्टरांना विचार ना. ते नाही म्हणाले तर परत नाव नाही काढणार."

रास्त बोलली. उद्या नेते.

१५ जानेवारी

डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. एका पायावर उभं केलं, उलटे आकडे म्हणायला लावले, जागच्या जागी पळवलं. डोकं दुखतं? नाही. उजेडाचा त्रास? नाही. अभ्यासानंतर? नाही. मी विचारलं, याला काही यंत्र नाही का, खात्रीला? ते म्हणाले, "ही सांगेल तेच आमचं यंत्र." मग चारुताला म्हणाले, काही होत नसेल तर खेळ. जरा जरी वाटलं तर थांब.

रिक्षात तिने माझा हात धरला. किती दिवसांनी!

१७ जानेवारी, शनिवार

गणवेश धुतला, इस्त्री केली. बूट वैजनाथने घासले. गंगापूरला फोन करून मामाचा रुसवा काढला, तो म्हणाला उद्या जीप घेऊन येतो मैदानावर. नको म्हटलं, हसला.

चारुता लवकर झोपली. केयूर तिला सांगत होता, खांबाशी जपून वळ. स्वरदा आज फार गप्प आहे, दोनदा स्वयंपाकघरात येऊन काही न बोलता गेली. उद्याच्या गडबडीनं असेल. आपण निभावलं. खरंच निभावलं.

१८ जानेवारी, रविवार

सर नावं पुकारत होते. चारुता रांगेत उभी. स्वरदाने माझा हात सोडला, मैदानात शिरली आणि सगळ्यांसमोर सरांचा शर्ट ओढून म्हणाली, "ताई रोज शाळेतून आली की उशीखाली डोकं घालून रडते. लई दुखतंय म्हणते. आईला सांगितलंस तर बघ म्हणाली." सरांनी चारुताकडे बघितलं. मी बघितलं. ती नाही म्हणाली नाही.

चाचणी न देताच घरी निघालो; वैजनाथ आणि केयूर स्कूटरवर पुढे गेले. रिक्षात चारुता एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या, मध्ये स्वरदा. स्वरदा रडत होती, चारुता बाहेर बघत होती. जालना रोडवरून आत वळलो तसा मोठा स्पीडब्रेकर आला. स्वरदा झटकन सीटवर गुडघ्यांवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ताईचं डोकं घट्ट धरलं. रिक्षा आदळली. पुढे सरळ रस्ता होता, तरी तिने हात काढले नाहीत. चारुतानेही काढू दिले नाहीत.