दोष रेणूचा नाही

चि. भाचीस मावशीचे आशीर्वाद. (तूर्त राखून ठेवले आहेत, उत्तर बघून सोडेन.) तुझा खोकला गेला असावा, कारण मंगळवारी, चौदा तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भरल्या सभागृहात तुझा आवाज अगदी स्वच्छ होता. त्याच आवाजात तू माझा अपमान केलास.

मी तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. (आमच्या नन्सच्या शाळेत पोक काढलं की पाठीत पट्टी बसायची.) गर्भातल्या मेंदूत मज्जातंतू वाट कशी शोधतात, हे तू छान सांगत होतीस. तंतूचं टोक चाचपत पुढे सरकतं. वाटेतले काही रेणू त्याला जवळ ओढतात, काही हाकलतात. इथवर ठीक. मग म्हणालीस, "हाकलणारा रेणू म्हणजे आमची मावशी. ती दारात दिसली की अख्खं घर मागच्या जिन्याने पळतं." सगळे हसले. शेजारच्या निवृत्त नर्सबाई, माझ्याच गाडीतून आलेल्या, सगळ्यात जास्त हसल्या. परतताना त्यांना बसने पाठवलं.

हेच व्याख्यान तू शनिवारी, पंचवीस तारखेला, कॉलेजात पुन्हा देणार. म्हणजे माझी उरलीसुरली अब्रूही जाणार. म्हणून दाराशी वाटलेली तुझी पुस्तिका मी भिंग लावून वाचली. तीत तूच लिहिलं आहेस, की एकच रेणू एका तंतूला ओढतो आणि दुसऱ्याला पळवतो. तंतूच्या टोकावर कोणता ग्राही बसला आहे, त्यावर ते ठरतं. (ग्राही म्हणजे रेणूला ओळखून घेणारा, असं तळटीप सांगते. तळटिपा मी वाचते.) तेव्हा रेणूत खोट नाही, बाई. खोट तुझ्या टोकात आहे. नर्सबाई बसचा प्रकार होऊनही रोज चहाला येतात, समोरच्यांचं मांजर दुपारी येतं, पोस्टमनसुद्धा दोन घटका टेकतो. तू तेवढी एप्रिलपासून फिरकलेली नाहीस.

ही दुरुस्ती शनिवारी सर्वांसमोर कर. करणार असल्याचं लेखी उत्तर गुरुवारी, तेवीस तारखेला, दुपारी बाराच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. फोन मी उचलणार नाही.

मावशी

ता. क. शुक्रवारी सकाळी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. सोबत घरचं माणूस आणा म्हणाले. नर्सबाई तयार आहेत, पण त्या डॉक्टरांनाच सूचना देत बसतील. मी भाची येईल असं सांगून टाकलं आहे.

आणखी एक. दुरुस्तीचं सावकाश लिहिलंस तरी चालेल. आधी किती वाजता येतेस ते लिही.