आज्जीचा पुसलेला चष्मा

रविवार, संध्याकाळ

डोकं नुसतं तापलंय. उद्या आज्जीचं दिवसकार्य, म्हणून काकानं कोपऱ्यावरच्या कंपाऊंडला तिचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधलाय. पण तिच्या तोंडावरचा चष्माच गायब!

"काचंवर लाईट चमकत हुती, फ्लेक्सवाल्यानं पुसला. बरी दिसत्या की!" म्हणे.

बरी? दुसरीच कुणी बाई वाटते. जन्मभर मंगळवार पेठेतल्या शाळेत शिकवलं तिनं. चष्मा नाकावर खाली ओढून वरनं बघितलं की अख्खा वर्ग गप्प. आबा चोरून लाडू खाताना सापडले की त्यांच्याकडंही तसंच बघायची, मग स्वतःच हसत सुटायची. तो चष्मा पुसला. आणि खाली पुढाऱ्यांचे फोटो मात्र गॉगलसकट!

नवीन छापून आण म्हटलं, तर काका म्हणतो, "एवढं कोण बघतंय?" मीच एकटी का भांडते? आबा का बोलत नाहीत? बायको त्यांची ना! त्यांनी नुसतं ऐकून घेतलं आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

मघाशी काका ओरडतच आला. "कुणीतरी मार्करनं चष्मा रंगवलाय! चेष्टा हाय व्हय ही?"

धावत बघायला गेले. चष्मा वेडावाकडा होता, पण बरोबर नाकावर खाली ओढलेला. आता आज्जी दिसत होती.

परत आले तर आबा खुर्चीत चहाची वाट बघत बसलेले. बोटं काळीकुट्ट.

"डावी काच जरा मोठी झाली," हळूच म्हणाले. "तिनं परत काढायला लावली असती."