दूधवाल्या बायांची कार्डं

॥ श्री ॥
मुलींचे वसतिगृह, नागपूर
दि. ६ जानेवारी १९८५

ती. सौ. सुमतीवहिनीस प्रेमिलाचा सा. न. वि. वि.

पत्र आधी दादाला वाचून दाखव, मग आईला, कारण बातमी मोठी आहे. मी लिहिलेला प्रोग्राम काल कॉम्प्युटरने एकही चूक न काढता चालवला! वर्गात एकवीस मुलं आणि आम्ही दोघी, आणि पहिला नंबर माझा लागला. आनंदाने मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरले, तर खाली सर उभे.

तू विचारलंस की दिवसभर तिथे करता काय. अगं, आपलं लिहिलेलं यंत्राला थेट वाचता येत नाही. जाड कागदाच्या लांबट कार्डांवर भोकं पाडायची, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला जायचं. यंत्राच्या खोलीत चपला काढून जावं लागतं, अगदी देवळासारखं. फक्त इथे कितीही नमस्कार केले तरी चुका माफ होत नाहीत.

आता कामाचं. परीक्षेसाठी प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा आहे. बाकीच्यांनी कारखान्याचे पगार घेतले. मी सरांना सांगितलं, मी आमच्या पारशिवनीच्या महिला दूधसंस्थेचा हिशेब कॉम्प्युटरवर करणार. त्यांना फार आवडलं. तेव्हा प्रत्येक बाईचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, म्हशी किती आणि डिसेंबरात दूध किती घातलं, एवढं लिहून पाठव. नवऱ्याचं नाव हवंच, कारण संस्थेत चार गोपिका आहेत. तो रकाना रिकामा दिसला की कार्ड बाजूला टाक, असं मीच यंत्राला शिकवून ठेवलं आहे.

पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग निघतो आहे. ज्याचा प्रकल्प उत्तम ठरेल त्या एकाचंच नाव सर तिकडे कळवणार. दादाने मला शिकायला एकच वर्ष दिलं आहे हे मी विसरलेले नाही. वहिनी, मला ती नोकरी हवी आहे.

आईला नमस्कार. तिची कंबर कशी आहे? मजवर तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी
प्रेमिला

॥ श्री ॥
पारशिवनी
दि. १९ जानेवारी १९८५

चि. प्रेमिला हिस अ. उ. आ.

तुझ्या कॉम्प्युटरला लग्न झालेली बाई कधी भेटलेली दिसत नाही. नाहीतर त्याने नवऱ्याचं नाव विचारायचं धाडस केलं नसतं.

मी कागद-पेन घेऊन मोठ्या ऐटीत निघाले. पहिलीच भेटली पाटलांची गोपिका. तिचं नाव झालं, म्हशी झाल्या, दूध झालं. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर तोंडाला. म्हणे, काहून वं मास्तरीण, भरल्या घरात मले लाजवून राहिली? मी म्हटलं, बरं, खूण तरी सांग. तर म्हणे, लिह, बाल्याचे बाबा. पुढच्या सात घरीही तेच. कोणी बाल्याचे बाबा, कोणी बेबीचे बाबा, एकीने तर सरळ आमचे हे म्हणून लिहायला सांगितलं. आता आमचे हे कार्डावर कसं भोसकणार, तूच सांग.

तुझ्या दादांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, त्यापेक्षा संस्थेत दूध मोजणाऱ्या शालिकरामले विचार. पण शालिकराम तरी कोणाकोणाचे नवरे ओळखणार? त्याच्याजवळ नुसता महिन्याचा एकूण आकडा, आणि डबा ओळखला की झालं.

मग मला सुचलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्याच घरी ठेवलं. सगळ्या दूधवाल्यांना बोलावणं धाडलं आणि दारातच सांगितलं की उखाणा घेतल्याशिवाय तिळगूळ नाही. काय सांगू तुला, ज्या बाया रस्त्यावर ओठ शिवून होत्या त्या एकीवर एक कडी करायला लागल्या. दाराआड पेन घेऊन मी. पाटलांच्या गोपिकेचा तर ऐकच:

डबे धुतले, म्हशी धुतल्या, गोठा झाडला खूप,
गणपतरावांचं नाव घेतलं, आता बसा चूप.

सगळी नावं, म्हशी, दूध आणि शालिकरामचा एकूण आकडा सोबत पाठवत आहे. आईंनी आत बसून साऱ्या गर्दीसाठी चिवडा केला, चहा गाळला. कंबर बरी आहे म्हणतात, पण उठताना खांब धरतात.

आता पुण्याची नोकरी मिळव म्हणजे झालं. दादांना मी सांभाळते. घरच्यांचा विसर पडू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी वहिनी
सुमती

॥ श्री ॥
नागपूर
दि. १ फेब्रुवारी १९८५

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझे उखाणे मी वसतिगृहात वाचून दाखवले आणि आख्खा मजला लोळला. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, माहिती गोळा करायची ही पद्धत कुठल्याच पुस्तकात नाही. कार्डं तयार झाली. यंत्राने एकही बाजूला टाकलं नाही. लांबलचक कागदावर ठळक इंग्रजी अक्षरांत आपल्या बायांची नावं येताना पाहिली आणि मी खिडकीपाशीच नाचले.

पण वहिनी, बेरीज जुळत नाही. बायांचं सारं दूध मिळवून जो आकडा येतो त्यापेक्षा शालिकरामने कळवलेलं संस्थेचं दूध जास्त आहे, आणि थोडंथोडकं नाही. वर्गातला रवींद्र म्हणतो, यात कॉम्प्युटर काय करणार, तुमच्या शालिकरामने पाणी घातलं असेल. सगळे हसले. मीही हसले, आणि मग खोलीत येऊन रडले.

सर म्हणतात, यंत्र चुकत नाही, चूक तुझ्या लिहिण्यात आहे. मी प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली, कार्डं पुन्हा पाडली. आकडा तोच. परीक्षा वीस तारखेला आहे. हैदराबादेहून परीक्षक येणार आहेत. न जुळणारा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला तर पुण्याला माझं नाव जाणार नाही, हे सरांनी स्पष्टच सांगितलं.

तुझ्याकडून काही राहिलं असेल असं मला वाटत नाही, पण एकदा बघशील का? उत्तर एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिलंस तरी चालेल. तुझ्या आधाराची आज फार गरज आहे.

तुझी
प्रेमिला

॥ श्री ॥
पारशिवनी
दि. ९ फेब्रुवारी १९८५

चि. प्रेमिला हिस अ. उ. आ.

तुझा प्रोग्राम बरोबर आहे. आधी डोळे पूस आणि मग पुढचं वाच.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी दूधसंस्थेत जाऊन उभी राहिले, हातात माझी यादी. शालिकराम म्हणाला, वहिनी, तुम्ही माहा हिशेब तपासून राहिल्या का? मी म्हटलं, नाही गा, माझा तपासते आहे. अजून नीट दिसतही नव्हतं तेव्हा पहिली बाई डबा घेऊन आली. तिचं नाव माझ्या यादीत नाही. दुसरी आली, तीही नाही. तिसऱ्या होत्या आपल्या आई.

प्रेमिला, मी हळदीकुंकवाला बोलावणं धाडलं होतं. ते कोणाला जातं आणि कोणाला जात नाही, हे तुला काय सांगायचं. संस्थेत सहा विधवा बाया आहेत. सकाळी कोणाच्या आडवं जायला नको म्हणून सगळ्यांच्या आधी येतात, दूध घालतात आणि परत जातात. आणि आई तर माझ्याच स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या गं! मी दाराआड बसून घरोघरच्या नवऱ्यांची नावं लिहून घेतली आणि माझ्या पाठीमागच्या बाईचं नाव लिहायचं मला सुचलं नाही. तुलाही यादीत तुझी आई नाही हे दिसलं नाही. दोघी सारख्याच शहाण्या.

त्याच दुपारी सहाही जणींना ओसरीत बोलावलं. रथसप्तमी होऊन गेली होती, पण तिळगूळ होता, तो दिला, वाण दिलं. कुंकवाचं धाडस मला झालं नाही, खोटं कशाला लिहू. दूध विचारलं, म्हशी विचारल्या. नवऱ्याच्या नावापाशी पेन अडलं. वाटलं, कसं विचारावं. तर आईंनीच सुरुवात केली. उखाणा नाही, लाजणं नाही, सरळ म्हणाल्या, लिह, मनोहर सखाराम ढोबळे. मग म्हणाल्या, तुहे सासरे गेले तवापासून मले कोणी नाव घे म्हटलंच नाही वं.

सहा जणींची माहिती सोबत आहे. शालिकरामच्या आकड्याशी मी स्वतः मिळवून पाहिली, जुळते. यश घेऊन ये. घराचे डोळे तुझ्या वाटेकडे आहेत.

तुझी वहिनी
सुमती

॥ श्री ॥
नागपूर
दि. २७ फेब्रुवारी १९८५

ती. सौ. वहिनीस आणि ती. आईस प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

झालं! माझं नाव पुण्याला गेलं! जूनपासून नोकरी! दादाला म्हणावं, वर्ष पुरं व्हायच्या आत काम फत्ते.

परीक्षेचं सविस्तर सांगते. परीक्षक उंच, चष्मेवाले, कोणाशी हसेनात. त्यांनी माझी बेरीज स्वतः करून पाहिली. जुळली. मग कार्डांचा गठ्ठा उचलून विचारलं, यात ही सहाच गुलाबी का? नंतर पाडताना पांढरी संपली होती, एवढं सांगून सुटता आलं असतं. सर मागून मानेने खुणावत होते की तेवढंच सांग. पण मी सगळं सांगितलं. उखाणे, हळदीकुंकू, आणि ही सहा कार्डं नंतर का आली ते. एक माझ्या आईचं आहे हेही सांगितलं. परीक्षक बराच वेळ ते कार्ड उजेडात धरून भोकं बघत राहिले. मग म्हणाले, माझ्या घरीही आई हळदीकुंकवाला आतच बसते. आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

सरांनी बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली, इतकी जोरात की रवींद्रने मला सावरलं. तो म्हणे, आता शालिकरामची माफी मागावी लागेल. मी म्हटलं, मागच.

आई, आता तुझ्यासाठी. पुण्याच्या अर्जात पालकाचं नाव विचारलं होतं. बाबा गेल्यापासून मी तिथे दादाचं नाव लिहीत आले. दादाने मला शिकवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण या वेळी पेन हातात धरून बसले आणि लिहिलं, पंचफुला मनोहर ढोबळे. अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, घरात कोणी कर्तं माणूस नाही का? मी म्हटलं, तेच लिहिलं आहे.

वहिनी, तू दादाची समजूत काढ, तुला ते जमतं. आणि एक काम आहे. नेमणुकीचं पत्र कारखाना पालकाच्या नावे धाडणार आहे. आपल्या पोस्टमनने आजवर आईच्या नावाचं काही आणलेलं नाही. पंचफुला ढोबळे कोण म्हणून तो दारात अडला, तर आईलाच पुढे पाठव.

तुम्हा दोघींचा लोभ पुण्याच्या पत्त्यावरही पुरेल एवढा असू द्यावा.

तुमची
प्रेमिला