कागदाची उजवी बाजू

९ जानेवारी, पहाटे ५.१०
नव्या वर्षाचा संकल्प आजपासून. पहिले आठ दिवस तयारीत गेले, ते धरायचे नाहीत. रोज पहाटे पाचला उठून कादंबरी लिहायची. विषय पक्का: दोनशे वर्षांपूर्वीचा दरबारी चित्रकार. प्रतिभावान, तापट, एकाकी. जग त्याला समजून घेत नाही. बायको तर नाहीच नाही.
एवढं लिहीपर्यंत पाच-वीस झाले. पहिल्या दिवसाला पुरे. जरा पडतो.

१४ जानेवारी
मोठा शोध लागला. फुलस्केपवर चित्रकाराची कादंबरी होत नसते, म्हणून गाडी अडली होती. आज ड्रॉइंगचे मोठे कागद आणले. आडवे ठेवले की टेबल भरतं. एक ओळ पुरी करायची तर खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडून उजवीकडे सरकावं लागतं. तीस वर्षं वजनमापे खात्यात छापील फॉर्मच्या चौकटीत लिहिलं, त्याचं उट्टं निघालं.
टायपिंग ही करणार. हिने कोर्टात बावीस वर्षं टायपिंग केलं आहे. बोटांकडे बघत नाही, नजर मजकुरावर. शिवाय माझं अक्षर जगात हिलाच काय ते लागतं. कागद बघून म्हणाली, एवढा रुंद कशाला? मी म्हटलं, कॅनव्हास. कागद अडकवायला फ्रेमवाल्याकडून लाकडी स्टँड करून घेतला आणि कम्प्युटरच्या उजवीकडे ठेवला.

१ फेब्रुवारी
प्रकरण एक संपलं. चित्रकार राजाचं चित्र राजासमोर फाडतो. 
चष्म्याच्या दुकानदाराने हिला सांगितलंय, नवा नंबर नंतर, आधी डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवा, डोळ्यांतलं प्रेशर बघून घ्या. उद्या बुधवारी अकराची वेळ आहे. तपासताना औषध घालतात, त्यानंतर तीन-चार तास धड दिसत नाही, म्हणून सोबत माणूस लागतं. आता बुधवारी अकरा म्हणजे माझ्या लिहिण्याचा ऐन भर. (पहाटे पाच हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. प्रत्यक्षात अकराला जमतं.) पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. ही म्हणाली, चालेल, दुखत तर काही नाहीये.

१९ फेब्रुवारी
हिचा धांदरटपणा वाढत चाललाय. काल चहा कपात न ओतता कपाशेजारी ओतला. दाराच्या चौकटीवर आपटून दंड काळानिळा झाला. आज सकाळी मी हिच्या बाजूला येऊन उभा राहिलो तर केवढ्याने दचकली. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला दचकते. वाईट वाटलं, पण वाया घालवलं नाही. प्रकरण तीनमध्ये घेतलं: चित्रकार आला की त्याची बायको दचकते, कारण तिच्या मनात पाप आहे.

४ मार्च
अडलो. चित्रकाराने आपल्या बायकोची चाळीस चित्रं काढली, पण एकातही डोळे जमले नाहीत, हा कादंबरीचा कणा आहे. मात्र ते डोळे होते कसे, हे मलाच सांगता येईना. मग हिला खिडकीपाशी बसवलं आणि अर्धा तास निरखलं. ही म्हणाली, आज बरी आठवण झाली. पण हसली. केस नीट केले. बऱ्याच दिवसांनी असं बसलो होतो.
नोंदी: डोळे तपकिरी. (मी इतकी वर्षं काळे समजत होतो.) समोर बघते तेव्हा ठीक. मी बाजूला सरकलो तर वळून बघत नाही. कानाच्या रेषेत हात हलवून पाहिला, तरी ढिम्म. म्हणजे ताठा.
निरीक्षण हीच लेखकाची पुंजी. त्या डोळ्यांवर अकरा ओळी लिहिल्या, एकटाकी, कागदाच्या उजव्या बाजूला जागा उरली होती तिथे. इतकं खरं मी आजवर काही लिहिलं नव्हतं.

१५ मार्च
पहिली चार प्रकरणं प्रकाशकाच्या संपादकांकडे पाठवली. टाइप झालेली प्रत मी वाचली नाही. आपलं लिखाण लगेच वाचू नये, त्याला मुरू द्यावं. हिने मात्र आपणहून सांगितलं की प्रकरणागणिक चांगलं होत चाललंय. हिच्या तोंडून कौतुक म्हणजे नवलच.
उद्या डोळ्यांची तारीख होती. उद्या संपादकांचा फोन येऊ शकतो. पुढे ढकलली.

१६ मार्च
फोन आला नाही.

२७ मार्च
लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते आणि तिथून आमच्यावर लक्ष ठेवते. आईला डॉक्टरकडे अजून का नेलं नाही, म्हणून फैलावर घेतलं. आई फोनवर काही वाचून दाखवताना अडखळते म्हणे. मी रजा काढून येऊ का, म्हणाली. मी म्हटलं, मी आहे ना. सहा एप्रिलचा बुधवार नक्की केला. आता यात बदल नाही. लिहून ठेवतो: बदल नाही.

६ एप्रिल
आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस.
दहा वाजता संपादकांचा फोन आला. चारही प्रकरणं एका बैठकीत वाचली म्हणाले. असा संयम हल्ली बघायला मिळत नाही. वाक्य ऐन ठिकाणी सोडून द्यायचं आणि उरलेलं वाचकाच्या मनात होऊ द्यायचं, हे तुम्हाला कुठून साधलं, असं विचारत होते. एक वाक्य तर त्यांनी वाचूनच दाखवलं: ‘ती रंग वाटत राहिली, आणि’. बस, एवढंच. पुढे काही नाही. म्हणाले, अंगावर काटा आला.
मला ते वाक्य आठवेना, पण प्रतिभेच्या झटक्यात लिहिलेलं माणसाच्या लक्षात राहत नाही. साधनेचं फळ आहे, असं सांगितलं. उरलेली कादंबरी त्यांना मेअखेर हवी आहे.
अर्थात अकराचं रद्द करावं लागलं. ही चप्पल घालून, पर्स मांडीवर घेऊन दारापाशीच्या खुर्चीत बसली होती. बातमी ऐकून खरंच आनंदली. मग चप्पल काढली, पर्स आत ठेवली आणि टायपिंगला बसली.

७ एप्रिल
संयम कुठे कुठे साधलाय ते बघायला टाइप केलेली प्रत काढली.
हा घातपात आहे. प्रत्येक ओळीचा शेवट गायब. रंग वाटणारं वाक्य मूळ कागदावर असं आहे: ‘ती रंग वाटत राहिली, आणि त्या पाषाणहृदयी स्त्रीला कलावंताच्या काळजातला वणवा काही केल्या दिसेना.’ वणव्यासकट सगळं कापलं. तेही हिशेबाने. प्रकरण एकमध्ये ओळीमागे एखादाच शब्द, प्रकरण चारमध्ये अर्धीअर्धी ओळ. वजनात मारणारे दुकानदार मी तीस वर्षं पकडले. मारणारा हळूहळूच मारतो.
जाब विचारला. ही उठली, स्टँडवरच्या कागदापाशी गेली. एका ओळीवर बोट ठेवून ते उजवीकडे नेत राहिली, बोटामागून मानही फिरवत गेली, थेट कडेपर्यंत. तिथे बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही सुधारलात.”
टोमणा. मला लोक नावाजतात ते हिला खुपतं. माझ्या चित्रकाराचंही हेच झालं होतं. अबोला सुरू.

११ एप्रिल
अबोल्याचा पाचवा दिवस. मीच टाइप करतोय, एका बोटाने. चार तासांत नऊ ओळी झाल्या, त्यातल्या दोन पुसल्या गेल्या. ही घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालते. माझी सहानुभूती मिळवायला. मी तिकडे बघत नाही.

१७ एप्रिल
ही पडली. इमारतीच्या दारात दोनच पायऱ्या आहेत, एकोणीस वर्षांच्या ओळखीच्या. दुसरी दिसली नाही म्हणाली. मनगट सुजलंय, मोडलेलं नाही. लेक आली. माझ्याशी बोलली नाही. आल्या आल्या आईसमोर बसून तिने दोन्ही हात बाजूला पसरले, बोटं हलवली आणि विचारलं, किती? ही म्हणाली, काय किती?
मीही असाच हात हलवला होता. चार मार्चला.

२० एप्रिल, बुधवार
तिघं गेलो. अंधाऱ्या खोलीत एक यंत्र आहे. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आत इकडेतिकडे बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला शेजारी बसू दिलं. कुठला दिवा लागतोय ते बाहेरच्या पडद्यावर मला दिसत होतं.
कडेला दिवा लागायचा. हिचा अंगठा तसाच. पुन्हा कडेला. अंगठा तसाच. ही अगदी मन लावून बसली होती, कोर्टात बसायची तशी ताठ, आपलं काम चोख चाललंय अशा समजुतीने. मी मनातल्या मनात दाब, दाब म्हणत होतो. मध्ये लागला की लगेच दाबायची.
कागद छापून आला. सगळीकडून काळा, मध्ये रुपयाएवढा पांढरा.
काचबिंदू. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. गेलंय ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचं, जन्मभर, एकही दिवस न चुकवता. हा दुखत नाही, म्हणून कळत नाही. तुम्हाला तर फेब्रुवारीत बोलावलं होतं, म्हणाल्या. लेकीने माझ्याकडे पाहिलं. ही म्हणाली, “मीच टाळलं. दुखत नव्हतं ना.”
तिथे बोलायला हवं होतं, ते इथे लिहितो. हिने टाळलं नाही. ही चप्पल घालून बसली होती.
फेब्रुवारीपासून आतापर्यंत किती गेलं, असं मी विचारलं. ते आता सांगता येणार नाही, म्हणाल्या.

२२ एप्रिल
येतं सांगता.
फूटपट्टी घेऊन बसलो. मूळ कागद आणि टाइप केलेली पानं शेजारी शेजारी ठेवली. हिने प्रत्येक पानाखाली तारीख घातली आहे, कोर्टातली सवय. मूळ ओळ चोवीस इंच. तीन फेब्रुवारीचं पान: बावीस इंचांपर्यंत मजकूर आहे. वीस फेब्रुवारी: एकोणीस. आठ मार्च: चौदा. सहा एप्रिलला, पर्स ठेवून बसली त्या दिवशीच्या पानावर: नऊ.
आयुष्यात एवढं बिनचूक मोजमाप मी केलं नव्हतं. दिसत होतं तेवढं सगळं हिने टाइप केलंय. एक काना चुकलेला नाही. फुलस्केपवर लिहिलं असतं तर ओळ हिच्या नजरेत मावली असती, आणि मग मला हे कधी कळलंच नसतं. पण मला तसंही कळलं कुठे.
चित्रकार एकाकी होता असं मी दोनशे पानं लिहिणार होतो. घरात एवढी बाई असताना माणूस एकाकी कसा होतो, हे त्या गाढवाला कुणीतरी विचारायला हवं होतं.

२५ एप्रिल
संपादकांना फोन केला. तो संयम माझा नाही म्हटलं. मग कुणाचा, म्हणाले. बायकोचा म्हटलं. त्यांना विनोद वाटला. कादंबरी होणार नाही, असं सांगून फोन ठेवला. त्यांनी फारसा आग्रह केला नाही.

२ मे, सकाळी ८
लेक परत गेली. जाताना थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर लावून गेली. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. मी घालतो. पहिले दोन दिवस गालावरच पडले. आता डोळ्यात पडतात. घालताना बघतो: तपकिरी आहेत, डाव्यात खाली एक फिकट ठिपका आहे.

९ मे
दुपारी ही म्हणाली, सगळी कादंबरी एकदा मूळ कागदावरून वाचून दाखवा, शेवटांसकट. मला अर्धीच माहितीये. मी टाळू लागलो तर म्हणाली, निदान त्या बाईच्या डोळ्यांचं तरी वाचा. मी खिडकीत बसले होते ना त्याच्यासाठी. टाइप करताना मला नुसतं ‘तिचे डोळे’ एवढंच दिसलं होतं.
तो कागद काढला. खिडकीपाशी बसलो. ही समोर बसली, केस नीट करून.
अकरा ओळी आहेत. पहिली अशी: ‘तिचे डोळे गर्विष्ठ होते, शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे ती एकदाही वळून पाहत नसे.’ पुढच्या दहा त्याहून वाईट.
‘तिचे डोळे’ एवढं वाचलं आणि थांबलो.
“पुढे?” ही म्हणाली.
मी म्हटलं, पुढे काही नाही, एवढंच लिहिलं होतं.
ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. समोरच बसलो होतो, म्हणजे दिसत असणार. मग म्हणाली, चांगलंय.
कागद गुंडाळून ठेवला. आठ वाजता थेंब घातले, दोन्ही डोळ्यांत एकेक.