गच्चीवरच्या मिरच्या

आष्टा,
२३ मार्च २०२५

तीर्थस्वरूप शालूआत्तींच्या चरणी उदयसिंहाचा नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्हाला धड एक पत्र लिहिलं नाही, आणि गेल्या पंधरवड्यात तुमचा फोन दोनदा नुसता वाजू दिला, याबद्दल आधी माफी मागतो. पहिल्या वेळी मी खरोखर वर्गात होतो. दुसऱ्या वेळी मी फोनसमोर बसून तो वाजताना बघत होतो. हे लिहिलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं, पण आज खरं सांगायला बसलोच आहे, तर सगळंच सांगून टाकतो. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला व्यायाम करता, की उत्कर्षावहिनी समोर असतील तेवढ्यापुरताच पाय हलवता? (वहिनी, सासूबाईंना हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. कंसातला मजकूर मोठ्यानं वाचला नाही तरी चालेल.) आम्ही इकडे खुशाल आहोत. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुम्ही बोलता आणि तुमचं संपलं की "बरं, ठिवते" म्हणून ठेवता. कबुली द्यायची तर माणसाला मधे थोडी जागा लागते.

विषय मिरच्यांचा आहे.

तुम्हाला आठवत असेल, दिवाळीच्या पाडव्याला आम्ही सगळे कडेगावला जेवायला बसलो असताना तुम्ही जाहीर केलंत की गुडघ्यामुळे यंदा परसात मिरची लावणं होणार नाही, तेव्हा सांडग्या मिरच्यांचा डबा कुणालाच मिळणार नाही. चाळीस वर्षं तो डबा घरोघर आला. आम्ही दहीभात खातो तो त्या मिरचीच्या निमित्तानं. कुणी काही म्हणायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ती, यंदाचा डबा माझ्याकडं लागला. गच्चीवर लावतो." क्रांतीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा नवरा नसून तिच्या ओळखीच्या कुणाचा तरी नवरा आहे. तुम्ही मात्र उठलात, देवघराच्या फळीवरून एक पुडी काढलीत आणि माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "ह्येवढंच बी हाय बग. माज्या सासूनं मला दिलेलं ह्येच एक चांगलं. जपून लाव." हे शब्द मी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतले आहेत. आज ते वाचताना मला बरं वाटत नाही.

पेरणी मात्र मी मनापासून केली. तेलाचे पाच लिटरचे सहा डबे कापले, बुडाला भोकं पाडली, माती भरली. रोपं बोटभर झाल्यावर प्रत्येक डब्यात एकच ठेवून बाकीची उपटायची असतात, हे मी वाचलं होतं. पण दोन सारख्याच रोपांपैकी कुणाला जगवायचं याचा निकाल कशाच्या आधारावर द्यायचा? (मी ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं तर्कशास्त्र शिकवतो. अशा प्रश्नाचं उत्तर असतं असं मला वाटत होतं.) शेवटी दोन्ही ठेवली. ऊन भरपूर मिळावं म्हणून डबे पाण्याच्या टाकीजवळ मांडले, आणि बारा वाजल्यानंतर टाकीची सावली त्यांच्यावर येऊन बसते हे माझ्या महिनाभरानं लक्षात आलं, कारण बाराला मी कॉलेजात असतो. पाणी कधी दिवसातून दोनदा घातलं, आणि जास्त झालं की काय या शंकेनं पुढचे तीन दिवस अजिबात घातलं नाही. मग उसाला टाकायच्या युरियातला मूठभर कुणीतरी दिला, तो घातला. आत्ती, पानं अशी माजली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुंपणाला लावायला एक फांदी मागितली.

चार जानेवारीला पहिलं फूल आलं. मी वहीत वेळसुद्धा लिहिली. त्याच आठवड्यात चांदसाहेब मातीची पोती द्यायला गच्चीवर आले. (वाळवा रस्त्याला त्यांची रोपवाटिका आहे. त्यांच्या हातानं लावलेलं झाड मेल्याचं मी ऐकलेलं नाही.) त्यांनी झाडांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सर, ही झाडं डब्यात हायत का कोठडीत? मुळीला हलायला जागा न्हाई." मी डबे लहान असल्याचं मान्य केलं. "आणि ही पैली फुलं खुडून टाका."

"का हो?"

"आवं, झाडच अजून पोरगं हाय. त्येच्या कडेवर आणि पोरं कशाला देताय? आधी त्येला वाढू दे. न्हाईतर पैला तोडा बारकाच येनार बगा."

युक्तिवादात एकही खोट नव्हती. मी वर्गात फळ्यावर लिहितो तसा स्वच्छ होता. मी अंगठा आणि बोट पुढे करून तीनदा फुलापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. एवढ्या दिवसांत त्या झाडानं स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट होती हो. क्रांती जिन्यातून बघत होती. म्हणाली, "तुम्ही नुसतं असं उभं राहिलात तरी ती लाजून गळतील." त्यातली काही खरोखरच गळली, कारण मधे थंडीची लाट आली. पण ती मी खुडली नव्हती, एवढंच मला समाधान.

फेब्रुवारीच्या मध्यावर पहिला तोडा केला. सदतीस मिरच्या. सर्वांत मोठी माझ्या करंगळीएवढी, बाकीच्या सेफ्टी पिनेएवढ्या. ताटात काढल्या तेव्हा ताट रिकामं आहे असंच वाटत होतं. तरी आम्ही हरलो नाही. क्रांतीनं मेथी, धने, मोहरी, हिंग, मीठ ताकात कालवून मसाला केला. मी भुवया कोरायच्या चिमट्यात एकेक मिरची धरायची, तिनं ब्लेडनं चीर द्यायची आणि काडेपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकानं मसाला आत सारायचा, असं ठरलं. अकरा भरल्या. नऊ फाटल्या. एक माझ्या शिंकेनं उडून कपाटामागे गेली, ती अजून तिथंच आहे. मग क्रांतीनं काडी खाली ठेवली आणि म्हणाली, "ह्या भरायच्या न्हाईत. ह्यांचं आधी बारसं करा."

आता इथून पुढे माझी चूक सुरू होते. आतापर्यंतची झाडांची धरा.

मी बाजारात गेलो. "भरायला पायजेत व्हय?" असं बाजारातल्या बाईनं विचारल्यावर मी आजूबाजूला पाहिलं आणि मग हो म्हणालो. वीतभर लांब, पोपटी, जाड सालीच्या दीड किलो मिरच्या घेऊन आलो. क्रांतीनं त्या भरल्या (ती म्हणाली होती की आत्तींना सरळ सांगा, हे इथं नोंदवणं न्याय्य आहे), सहा दिवस गच्चीवर कडकडीत वाळवल्या आणि डबा भरला. मग चिठ्ठी लिहायची वेळ आली. अर्धा तास विचार करून मी लिहिलं, "गच्चीवरच्या मिरच्या पाठवत आहे." आत्ती, त्या गच्चीवर वाळल्या होत्या. गच्चीवरूनच उचलून डब्यात भरल्या होत्या. त्या अर्थानं त्या गच्चीवरच्याच. वहीत मी लिहिलं, "विधान सत्य." मग ते खोडलं. मग मन राहीना म्हणून आमच्या भरलेल्या अकरांतल्या बऱ्यातल्या चार डब्याच्या तळाशी घातल्या, म्हणजे विधान थोडं तरी आणखी सत्य होईल. कडेगावहून रोज ये-जा करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याकडे डबा दिला.

दोन दिवसांनी तुमचा फोन आला. तुमचं बोलणं मी शब्द न् शब्द उतरवून घेतलं आहे, ते असं : "उदय, डबा पोचला रं. लय देखण्या मिरच्या. असल्या मिरच्या माज्या ह्या बियाला चाळीस वर्सांत कवा आल्या न्हाईत. आल्यागेल्याला वाटल्या. तळाला चार बारक्या हुत्या, त्या तेवढ्या मी एकटीनं खाल्ल्या, कुणाला दावल्या बी न्हाईत. आता बी धर. कुटल्या मिरचीचं धरायचं ते चुकू नगंस. बरं, ठिवते."

माझी अब्रू जाऊ नये म्हणून तुम्ही चार बारक्या लपवून स्वतः खाल्ल्यात! आणि तुम्हाला बी हवं आहे. घरात आता तुमच्याकडे एक दाणा नाही, सगळी पुडी माझ्याकडे दिलेली. डब्यातल्या देखण्या मिरच्यांचं बी म्हणून मी काही पाठवलं, तर पुढच्या वर्षी तुमच्या परसात बाजारातली कुठली तरी संकरित मिरची उगवेल आणि तुमच्या सासूबाईंची मिरची माझ्या एका चिठ्ठीमुळे संपेल. मिरचीच्या आकाराबद्दल मी खोटा ठरलो तर ती लाज माझी. बियाबद्दल खोटा ठरलो तर ते नुकसान तुमचं. पंधरा दिवस हेच डोक्यात आहे. म्हणून स्पष्ट लिहितो : त्या मोठ्या मिरच्या माझ्या नव्हेत. त्या चार बारक्या माझ्या. त्या का बारक्या आल्या ते वर सविस्तर लिहिलंच आहे. त्यात बियाचा दोष काडीचाही नाही. चांदसाहेबांना मी मुद्दाम जाऊन विचारलं. ते म्हणाले, "मिरची बारकी आली म्हून बी बारकं हुत न्हाई सर. बी आत्तींचं हाय, डबा तुमचा हाय."

सुदैवानं युरियानं माजलेल्या पानांआड एक मिरची पहिल्या तोड्यात नजरेतून सुटली होती. ती झाडावरच लाल होत चालली आहे, बी तिचंच धरीन. करंगळीहून कणभर मोठी आहे. क्रांतीचा आमटीच्या फोडणीसाठी तिच्यावर डोळा आहे.

मला रागवा. पण फोनवर रागवा, म्हणजे ऐकायला मी नक्की उचलीन.

तुमचा भाचा,
उदयसिंह

ता. क. खरं तर पत्र लिहायचं एक कारण असंही आहे की तुमच्या गोठ्यामागे तीन फुटकी घमेली पालथी पडलेली दिवाळीत पाहिली होती. कुणाला नको असतील तर मला हवी आहेत. मुळीला जागा पाहिजे. (वहिनी, ही विनंती मात्र मोठ्यानं वाचा.)

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी पत्र क्रांतीला गच्चीवर वाचून दाखवलं. तुमच्या फोनपाशी तिनं मला थांबवलं. "परत वाचा," म्हणाली. परत वाचलं. "असल्या मिरच्या माज्या ह्या बियाला चाळीस वर्सांत कवा आल्या न्हाईत." क्रांती हसत हसत मातीच्या पोत्यावर बसली. "आवं, ही स्तुती न्हाई. ही साक्ष हाय!" मी तिसऱ्यांदा वाचलं आणि मलाही दिसलं. आत्ती, तुमच्या त्या वाक्यात एक शब्द खोटा नाही. मोठ्या मिरच्या आल्यागेल्याला वाटल्यात, कारण त्या वाटण्याच्याच होत्या. चार बारक्या एकटीनं खाल्ल्यात, कारण तेवढ्याच आपल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं तर्कशास्त्राच्या मास्तराला दोन मिनिटांत फोनवर पकडलं, आणि मास्तराला ते कळायला पंधरा दिवस, पाच पानं आणि बायको लागली. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी, पण इकडे आम्ही दोघं डोळे पुसत हसतो आहोत. वरची कबुली आता गरजेची राहिली नाही, तरी पत्र फाडत नाही, कारण घमेल्यांचं त्यातच लिहिलं आहे.

उद्याचं काम : त्या एका लाल मिरचीच्या देठाला चिंधी बांधणे, म्हणजे क्रांती ती आमटीत घालणार नाही.