बर्फावर कॅरमची पावडर

शुक्रवार संध्याकाळ, अल मजाज

हिची शुगर ताब्यात, नातवाचा खोकला गेला, माझा गुडघा कुरकुरतोय. पण आज आनंदानं मन काही थाऱ्यावर नाही! इथं आखातातल्या आमच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबचा इतिहास लिहायचा मान मला मिळाला, आणि मी सुरुवात केली आमच्यातल्या सदाच्या पावडरीपासून. आम्ही सगळे मूळचे कॅरमवाले. पहिल्यांदा रिंकच्या बर्फावर उतरलो तेव्हा दगड झरझर सरकावा म्हणून सदानं कॅरमची पावडर भुरभुरली. दगड जागीच रुतला! रिंकवाला ओरडला, "खलास! बाहेर!"

सेक्रेटरी मृणाल म्हणाली, "काका, एवढं वगळू या ना. लोक हसतील."

"हसू देत गं. दुसऱ्या दिवशी हातापाया पडून रिंक परत मिळवली ती सदानंच."

मी हट्टाला पेटलो का? पण पावडर गाळली की सदाही गळतो, आणि तो तर कधीच गावी परतलाय.

आज मेळाव्यात मृणालनं स्वतःच सगळं वाचलं, पावडरीसकट. हॉल हसून लोटपोट, मग उभं राहून टाळ्या! नव्या मोसमाचा पहिला दगड सदानंच सोडायचा, असंही तिथंच ठरलं.

सदा, लेका, हे सगळं तुलाच धाडतोय, सोबत फोटोही पाठवलेत. येतोस ना? लगेच कळव.