पालकसभेला कोण जाणार

३ ऑगस्ट, सोमवार

मुलगी चाचणीत गणितात नापास. बाईंनी पालकसभेला बोलावलंय. हे म्हणाले, "तू जा."

मी नाही जाणार! गेल्या वर्षीच्या बाई भराभर बोलल्या आणि मी आपली मान डोलावत बसले. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, त्यांनी तुला प्रश्न विचारला होता गं."

मॅट्रिकचं गणित मी पहिल्या झटक्यात सोडवलं होतं. पण ते बाईंना कोण सांगणार?

८ ऑगस्ट

धाकटी जाऊ गेली, बँकेतून अर्धी रजा टाकून. "ताई, तुम्ही घर बघा, शाळेचं मी बघते."

बाईंशी तासभर बोलून आली. मुलीला आता पहिला बाक — शेजारी डॉक्टरांची लेक. संध्याकाळी तिच्याच घरी दोघींचा अभ्यास. सगळं ठरवूनच आली!

"बाईंना वाटायचं, हिच्याकडे घरी कुणी बघतच नाही," म्हणाली.

मी भांडी घासत होते. घासत राहिले.

२ सप्टेंबर

तेल पुन्हा महागलं. मुलगी डॉक्टरांकडेच जेवून आली. तिच्या वाटचं झाकून ठेवलं होतं, ते सकाळी मी खाल्लं. टाकायचं कशाला?

१९ सप्टेंबर

जाऊ पुन्हा शाळेत जाऊन आली. मला काही विचारावंसं वाटलं नाही.

३० ऑक्टोबर

सहामाहीत वर्गात दुसरी! गणितात सगळ्यांच्या वर!!

हे म्हणाले, "तुझा जप कामी आला बघ."

जाऊ हसली. "जप की माझ्या रजा, भाऊजी?"

सगळे हसले. मीही.

देवापुढे बसले. हात जोडले, पण पुढे काही सुचेना. मागितलं होतं ते तर मिळालं. आनंद व्हायला हवा होता. होईल.

मुलगी हल्ली शाळेतलं सगळं आधी काकूला सांगते. मला जेवताना कळतं.

१४ नोव्हेंबर

बक्षीस समारंभ. जावेला ऐनवेळी बँकेत थांबावं लागलं, म्हणून मी गेले. ठेवणीतले कपडे काढले. दारातच बाई भेटल्या.

"तुम्ही हिच्या काकू ना? आई नाही आल्या? बँकेत सुट्टी नसेल मिळाली."

मुलगी स्वतःच्या बुटांकडे बघत उभी.

म्हटलं, "नाही मिळाली."